विहिरीवरच्या काट्या

आमच्या घरात संशय हा रोजच्या जेवणातला होता. जमीन आम्हाला फार उशिरा मिळाली, तीही गायरानातला एक खडकाळ तुकडा. संशय मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा. दारात कुणी अनोळखी उभं राहिलं की दादा, म्हणजे माझे वडील, पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारायचे, "काय काम काढलं?" माय तर ओळखीच्यालाही तेच विचारायची. ज्यांना जन्मात कुणी फसवलेलं नाही त्यांना हा कोतेपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटत आलाय, आणि पुढं जे सांगणार आहे ते घडून गेल्यावरही वाटतो.

तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. त्याआधी एका शिक्क्यासाठी आमच्या भागातल्या माणसाला उस्मानाबाद गाठावं लागे. आता लातूरला कचेरी आली, पण पाटी आधी आली आणि कपाटं मागून आली. कपाटं येईपर्यंत कागद फरशीवर, आणि कागदांच्या ढिगाऱ्यात आम्ही नव्यानं लागलेले कारकून. मी नांदेडच्या वसतिगृहात राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. वस्तीतली पहिली मुलगी. कचेरीत कुणी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं की मला वाटायचं, हा आता काहीतरी काम गळ्यात मारणार. बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

जिल्हा नवा, तसा दुष्काळही नवाकोरा. एक वर्ष पाऊस हुलकावणी देऊन गेला, दुसऱ्या वर्षी त्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. बायका टँकरची वाट बघत रस्त्यावर घागरी लावून बसायच्या आणि घागरीची जागा राखायला घागरीत दगड टाकून ठेवायच्या. निलंग्याहून येणाऱ्या एसटीत माणसांपेक्षा कॅन जास्त. अशात एक दिवस साहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, तुमचं इंग्रजी बोलायचं आहे की लिहायचं?"

"दोन्हीचं आहे, साहेब."

"बरं झालं. विदेशी व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ येतंय. नव्या जिल्ह्यात काय धंदा काढता येईल ते बघणार आहेत. त्यांच्यात एक बाई पण आहेत. शिवाय तुमचं गाव देवणीकडचं. गुरं बघायचीत त्यांना. दुधाची भुकटी करायचा कारखाना काढू म्हणतात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं दुधाची भुकटी कोण कालवणार आणि कशात? आणि देवणीकडं गावं काय थोडी आहेत? आमचंच गाव कसं निघालं? हे मी साहेबांना विचारलं नाही. उत्तर मला जिन्यातच भेटलं. आमच्या गावचे सरपंच फेटा सावरत वर चढत होते. मला बघून हसले. गावात ते मला कधी हसले नव्हते.

"बाईसाहेब, तुमच्या वस्तीचं भलं व्हायची येळ आली बघा," म्हणाले.

सरपंचांच्या तोंडून आमचं भलं ऐकलं की माय आपली घागर झाकून ठेवायची. मीही मनातल्या मनात झाकली. रविवारी मिळेल त्या गाडीनं मी गावाकडं निघाले, कारण कारखाना म्हणजे पाणी, आणि आमच्या गावात पाणी म्हणजे आमच्या वस्तीची विहीर.

त्या विहिरीबद्दल सांगायला पाहिजे. पूर्वी वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. खाली घागर घेऊन उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली तर ती लांबून, उंचावरून पाणी ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं अंगावर. नवी सून म्हणून आलेल्या मायनं हे पाणी अंगावर घेतलेलं आहे. धर्मांतरानंतर वस्तीनं ठरवलं, आपली विहीर आपण खणायची. दादा आणि त्यांचे भाऊ तेव्हा जवान होते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि सांजेला पहार आणि घण घेऊन या खडकात उतरायचं. गाव हसायचं. त्या दगडात पाणी लागलं तर मिशा काढीन, असं एका बड्या शेतकऱ्यानं चावडीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं. पाणी लागलं. मिशा कुणी काढल्या नाहीत.

आणि त्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या, तेव्हा ही एकच टिकून राहिली. ज्या बायका वस्तीकडं तोंड करून थुंकतही नव्हत्या त्या आधी अंधार पडल्यावर यायला लागल्या, मग उजेडी. माय विहिरीवर उभी राहून रांग लावायची. "मागं व्हा. हितं ज्येची त्येची पाळी. हितं कुणी थोरलं न्हाई, कुणी धाकलं न्हाई." तिनं पाणी कुणालाच नाकारलं नाही. एका म्हातारीला मात्र, जिनं तिच्या अंगावर सगळ्यात जास्त पाणी सांडलं होतं, ती भरलेला पोहरा देताना दर वेळी म्हणायची, "घ्या, वंजळ धरू नका, घागर धरा. सांडू देणार न्हाई मी." म्हातारी मान खाली घालून घागर भरून घ्यायची. मला यात फार आनंद व्हायचा, आणि तो मी कधी लपवला नाही.

मी घरी पोचले तेव्हा दादा पाझर तलावाच्या कामावरून येऊन हातपाय धूत होते. धूत म्हणजे एक तांब्या पाण्यात जेवढं धुता येतं तेवढं.

"कोण येऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

"विदेशी पाहुणे, दादा. गोरे."

"आन्‌ त्यायला काय पायजे?"

"दूध, म्हणतात."

"तोंडानं दूध म्हणतेत. डोळे कुठं फिरतेत ते बघावं लागतंय." मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "सरपंच हाय का यात?"

"हाव."

"मग हीर जाती."

एवढं बोलून ते लिंबाखाली गेले आणि वस्तीतली चार जाणती माणसं जमली. फार चर्चा झाली नाही. ठरलं ते हे, की पाहुणे यायच्या दिवशी विहिरीवर काट्या टाकायच्या.

आमच्याकडं विहीर आटली की तिच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकतात. शेरडं, पोरं आत पडू नयेत म्हणून. काट्या टाकलेली विहीर म्हणजे मेलेली विहीर. तिच्याकडं कुणी वाकूनसुद्धा बघत नाही. वस्तीला वाटलं, पाहुणेही बघणार नाहीत, आणि जिथं पाणी नाही तिथं कारखाना कोण काढतो?

ही युक्ती वस्तीनं काही नव्यानं काढलेली नव्हती. गाडी दिसली की आहे ते लपवायचं, ही विद्या आमच्या पंचक्रोशीत घरटी पक्की होती. निजामाच्या वेळी अंमलदाराचा दौरा आला की कोंबड्या डालीखाली जायच्या आणि ज्वारी जमिनीखाली. पुढं दुष्काळाची पाहणी करायला पथकं यायला लागली, तेव्हा तीच विद्या कामी आली. विहिरीवरची चाकं काढून ठेवायची, रिकाम्या घागरी ओळीनं मांडायच्या, धष्टपुष्ट जनावरं ओढ्यापलीकडं हाकलायची आणि दोन हाडकी पुढं बांधायची. पथकानं हळहळायचं आणि टँकर मंजूर करायचा. याला आमच्याकडं खोटं बोलणं म्हणत नाहीत. याला 'पाहणी दाखवणं' म्हणतात.

"दादा, मी सरकारी नोकर आहे," मी म्हणाले.

"तू कुठं काट्या टाकून राहिलीस? तू आपली इंग्रजी बोल."

पाहुणे आले त्या दिवशी मी त्यांच्याच जीपमध्ये होते. पुढं एक पांढरी गाडी, तिच्यात मुंबईहून आलेले मोठे अधिकारी आणि आमचे साहेब. पाहुणे चौघं. एक लालबुंद तोंडाचे प्रमुख, एक तरुण, एक सोनेरी केसांची बाई जिच्या गळ्यात कॅमेरा, आणि एक पिकल्या केसांचा, टोपीवाला, जो लातूर सोडल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. बोलत होते त्यांच्यावर माझा संशय होताच. न बोलणाऱ्यावर जास्त होता.

वेशीजवळ सरपंच हार घेऊन उभे. बाजूला त्यांचा देवणी वळू. शिंगांना रंग, पाठीवर झूल, काळं तोंड तेल लावून चकचकीत केलेलं. सरपंचांनी गावाला आठ दिवस आधीपासून बजावलं होतं की गाव भरलेलं दिसलं पाहिजे. पण गावानं धुरळा उडवत येणाऱ्या गाड्यांची रांग बघितली आणि गावाचे हात आपोआप चालायला लागले. आम्ही आत शिरलो तर रस्त्याच्या कडेनं रिकाम्या घागरींची ओळ. घागरींमागं बायका, पदर डोक्यावर आणि तोंडं पडलेली. पारावर म्हातारे उघड्या अंगानं बसलेले. एकानं घातलेला सदरा नुकताच काढून बुडाखाली घेतलेला मला दिसला. गोठे ओस. सरपंचांच्या सख्ख्या भावानं आपल्या गाई-म्हशी पहाटेच ओढ्यापलीकडं नेऊन घातल्या होत्या. गावात जनावर म्हणून दोन हाडकी बैल आणि तो नवरदेव वळू.

सरपंच दात खाऊन पारावरच्यांना म्हणाले, "अरं, हे पाहणीवाले न्हाईत! हे देणारे हायत, देणारे!"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "देणाऱ्यालाच तर दाखवायचं असतंय की."

मला हसू आवरेना. मुंबईच्या अधिकाऱ्यांना घाम फुटला होता. प्रमुख पाहुण्यांनी एका म्हातारीला माझ्या तोंडून विचारलं की तुमच्याकडं रोज किती दूध निघतं. म्हातारी म्हणाली, "दूध? डोळ्याला पाणी निघंना, दूध कुठलं?" मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. प्रमुखांचा चेहरा पडला. कॅमेरावाली बाई मात्र भराभर फोटो काढत सुटली.

दादांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी सगळ्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवून होते. टोपीवाल्यानं वळूकडं एकदाही बघितलं नाही. तो जमिनीकडं बघत होता. घरांच्या भिंतींतले दगड बघायचा, वाकून माती चिमटीत घ्यायचा, चोळायचा. गर्दी वळूभोवती जमली तेव्हा तो एकटाच वस्तीच्या वाटेला लागला. मी मागं धावले, माझ्यामागं फेटा धरून सरपंच, आणि त्यांच्यामागं कॅमेरावाली.

विहिरीवर काट्यांचा हा एवढा ढीग. शेजारी विहीर खणताना निघालेल्या दगडांची रास, तिच्यावर दादा बसलेले. माय कडेवर रिकामी घागर घेऊन उभी. अशी केविलवाणी उभी की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"साहेब, ह्ये बघा पाणी," म्हणत सरपंच पुढं झाले आणि काट्या बघून थबकले. "ह्या काट्या कुणी टाकल्या?"

"आटली हीर," दादा जागेवरूनच म्हणाले. "काट्या न्हाई टाकाव्या तर काय तुमच्या वळूची झूल टाकावी?"

टोपीवाल्यानं मला विचारलं, हे काय म्हणतात. मी सरळ तोंडानं सांगितलं, विहीर कोरडी पडलीय म्हणतात. त्यानं मान हलवली. मग दगडांच्या राशीतून एक खडा उचलला, काट्यांमधली फट बघितली आणि खडा आत सोडला.

आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. वर एक भोरडी ओरडत होती तीसुद्धा त्याच वेळी थांबली असावी असं मला आठवतं. आणि मग खालून आवाज आला. डुबुक.

सरपंचांच्या मिशीत हसू आलं. मायनं घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली. मला शरम वाटली आणि रागही आला, आणि राग जास्त होता. आमची विहीर, आमचा खडक, आणि हा कोण सातासमुद्रापलीकडचा माणूस तिच्या पोटात खडे टाकून बघणारा?

पण तो रागावला नाही की हसला नाही. त्यानं दुसरा खडा टाकला आणि आवाज येईपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिला. मग टोपी काढून दादांच्या शेजारी दगडावर बसला. चक्क बसला, फडक्यानं न पुसता. म्हणाला, यांना विचार, ही विहीर कुणी खणली?

मी विचारलं. दादा म्हणाले, "म्या."

कशी खणली, असं त्यानं विचारलं.

इस्त्रीचे कपडे घातलेल्या एकाही माणसानं आजवर दादांना हा प्रश्न विचारला नव्हता. जन्मभर दारात आलेल्या माणसाला 'काय काम काढलं' विचारणारा माझा बाप त्या दिवशी ते विचारायचं विसरला. आधी एका शब्दात, मग दोन शब्दांत, मग हातवारे करून सांगायला लागला. वर मुरूम कुठपर्यंत लागला, त्याच्याखाली काळा पाषाण कसा लागला, घण मारला की ठिणग्या कशा उडायच्या, पहार कशी वाकायची. पाषाणाखाली भोकाभोकांचा मऊ दगड निघाला आणि त्याला हात लावला तर हाताला ओल. "लोकं म्हणले, सोडा. म्या म्हणलं, वल हाय म्हणजे पाणी हाय. आन्‌ मग ह्या अंगानं फुटलं बघा," दादा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात केला, "उगवतीकडनं. अजूनबी तिकडनंच येतंय. उगवतीकडनं झरा हाय, मनगटाएवढा."

मी सगळं इंग्रजीत सांगत गेले. मला अभिमान वाटत होता. त्यानं विचारलं, आसपास सगळीकडं असाच दगड आहे का, आणि दादा म्हणाले, हाव, सगळीकडं असाच. कॅमेरा मायकडं वळून दोनदा वाजला. आम्ही सगळे गोऱ्या माणसाकडं बघत होतो. मागं सरपंच उभे आहेत आणि तेही ऐकतायत, याच्याकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. उगवतीकडं वस्तीला लागून पहिलं रान त्यांचंच होतं.

गाड्या धुरळा उडवत आल्या तशा गेल्या. जाताना प्रमुखांनी साहेबांना जे सांगितलं ते मीच मराठीत केलं: दुधाच्या दृष्टीनं हा भाग तूर्त योग्य वाटत नाही. सरपंचांनी त्या रात्री पारावर वस्तीच्या नावानं शिव्या घातल्या, आणि वस्तीत गुळाचा चहा झाला. विहीर राहिली. सकाळी काट्या निघाल्या, चाक पुन्हा बसलं, रांग पुन्हा लागली. दादा खुशीत होते. गोरा माणूस आपल्याशेजारी दगडावर बसला, हे त्यांनी महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

एकटी माय खूश नव्हती. "त्यानं दगुड कशाला टाकला?" ती मला विचारायची.

"पाणी आहे का बघायला, माय."

"आन्‌ हाय म्हणून कळल्यावर गप कसा बसला? चिडला कसा न्हाई?"

"चांगला माणूस असेल."

माय माझ्याकडं असं बघायची की नांदेडला शिकायला पाठवलेलं सगळं फुकट गेलं.

नंतरचा एक उन्हाळा असाच गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लातूरला आमच्या कचेरीत एक कॅलेंडर आलं. बोअर पाडणाऱ्या यंत्रांची विक्री सुरू झाली होती, त्याची जाहिरात. यंत्राचं डोकं त्या पाहुण्यांच्या देशातलं, गाडी मद्रासकडची, आणि आमच्या तालुक्याची एजन्सी सरपंचांच्या पुतण्याकडं. कॅलेंडरवर फोटो होता. काट्या टाकलेली विहीर, आणि तिच्या शेजारी रिकामी घागर घेऊन उभी असलेली एक बाई. खाली लिहिलं होतं, आता कुणाची घागर रिकामी राहणार नाही.

ती माझी माय होती.

मी ते कॅलेंडर गुंडाळून घरी नेलं. मायनं ते उजेडात धरून बराच वेळ बघितलं. म्हणाली, "ती घागर म्या मुद्दाम रिकामी धरली हुती." मग म्हणाली, "आता कळलं, दगुड कशाला टाकला ते."

मलाही कळलं होतं. तो दूध बघायला आलाच नव्हता. त्याला वर तहान आणि खाली पाणी, दोन्ही पाहिजे होतं, आणि दोन्ही एकाच गावात सापडलं तरच त्याचा धंदा होता. तहान गावानं दाखवली, पाण्याचा पत्ता आम्ही दिला. त्या माणसानं काही चोरलं नाही, फसवलं नाही, कागदावर अंगठा घेतला नाही. म्हणूनच त्याच्यावर राग काढायला जागा मिळत नाही, आणि याचाच मला आजही राग येतो.

पहिला बोअर सरपंचांच्या रानात पडला. आमच्या विहिरीच्या उगवतीला, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. गाडी दिवसभर धडधडत राहिली, आधी पांढरी भुकटी उडाली, मग ओला चिखल, मग कारंजं उडालं. साऱ्या गावानं नारळ फोडले. पोरं भिजली, म्हातारे भिजले. खरं सांगायचं तर मलाही बघून बरं वाटलं. दोन दुष्काळ बघितलेल्या माणसाला जमिनीतून पाणी उडताना बघून वाईट कसं वाटेल? दादा मात्र कडेला उभे होते. वर येणारा चुरा त्यांनी बोटांत घेऊन चोळला. भोकाभोकांचा दगड होता.

मग ज्याच्या त्याच्या रानात बोअर झाला. ऊस आला. गावात नळ आले आणि वस्तीकडं यायची कुणाला गरज उरली नाही. मायची रांग मोडली. ती म्हातारीही यायची बंद झाली. माय एकदा म्हणाली, "चांगलं झालं, कटकट गेली," पण म्हणतानाचा सूर तसा नव्हता. आणि दर उन्हाळ्यात ती दोराला दोर जोडत गेली. आधी हातभर, मग वावभर. पोहरा वर यायला वेळ लागायला लागला, आणि आला की त्यात गाळ.

शेवटी शेवटी दादा त्या दगडांच्या राशीवर बसून राहायचे. एकदा मी सुट्टीत गेले होते तेव्हा म्हणाले, "उगवतीकडनं येतंय म्हणून म्याच सांगितलं ग."

"त्यांनी शोधलंच असतं, दादा. त्यांच्याकडं यंत्रं होती."

"हाव," ते म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. ते त्याच हिवाळ्यात गेले.

माझ्या ओळखीतले शिकलेले लोक ही हकिगत ऐकून म्हणतात, बघा, तुम्ही संशय घेतला म्हणून कारखाना गेला. मला हसू येतं. आमचा संशय चुकला नव्हता. तो थोडा कमी पडला. एका माणसानं आमच्या शेजारी दगडावर बसून नीट विचारपूस केली, तेवढ्यानं आम्ही तो खाली ठेवला. ज्यांना कधी कुणी नीट विचारलेलंच नसतं त्यांचं हे असं होतं.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले होते. मायला आता फारसं ऐकू येत नाही. सकाळी चहा झाल्यावर तिनं माझा हात धरून मला विहिरीवर नेलं. विहिरीवर काट्या होत्या. वाळून काळ्या पडलेल्या, जुन्या. मायनं राशीतून एक खडा उचलून माझ्या हातात दिला.

"टाक," म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई. तू ऐक आन्‌ सांग."

मी फट बघून खडा सोडला. तो जाताना दोनदा दगडाला लागला, मग खाली कुठंतरी कोरडा आदळला आणि थोडा घरंगळला. माय माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय म्हणली हीर?"

"आहे, माय," मी मोठ्यानं म्हणाले. "खाली आहे थोडं."

माय म्हणाली, "त्या गोऱ्याला हीर आटली म्हणून सांगत हुतीस तव्हाबी तुझं तोंड असंच हुतं."

तिनं वाकून एक सरकलेली फांदी पुन्हा विहिरीच्या तोंडावर नीट ओढली, बोटात घुसलेला काटा दातांनी काढला, आणि आम्ही घरी आलो.